एक तारा आणि दोन स्टुलं

पुण्यात दुकानात नोकरी करणाऱ्याला एक विनोद जन्मभर पुरतो. "काय, एक ते चार झोप झाली का?"

मी लक्ष्मी रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानात काउंटरला आहे. अकरा वर्षं झाली. हा विनोद आठवड्यातून चार वेळा तरी कानावर पडतो, आणि दर वेळी सांगणाऱ्याचा चेहरा असा असतो की त्याला तो आत्ताच, आमच्या पायऱ्या चढताना सुचलाय. मग आम्ही हसतो. हसणं पगारात धरलेलं आहे. खरं तर ज्या चितळ्यांच्या दुकानामुळे हा विनोद जगभर गेला, त्यांनी २०१७ सालापासून दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. दुकान उघडलं, विनोद काही बंद झाला नाही.

माझी तक्रार विनोदाबद्दल नाही. पु. लं.पासून आजच्या रीलवाल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी पुणेरी दुकानदाराची टर उडवली, आणि ती उडवण्यासारखी आहेच. पण मंडळी, तो दुकानदार म्हणजे मालक. दुपारी झोपायचा तो मालक. 'फुकट पत्ता विचारू नये' अशी पाटी लावतो तोही मालक. पत्ता सांगतो आम्ही. रोज, वीस-पंचवीस वेळा. तुळशीबागेतलं राममंदिर कुठे, मंडईचं मेट्रो स्टेशन कुठल्या बाजूला, आणि "इथे जवळपास बायकांसाठी टॉयलेट आहे का हो?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आम्हालाही हवं असतं. त्याकडे नंतर येते.

आधी थोडं हसून घेऊ.

साडीच्या दुकानात आमचा पहिला प्रश्न असतो, "स्वतःला की द्यायला?" स्वतःला असेल तर बजेट सांगत नाहीत, पण वेळ भरपूर असतो. द्यायला असेल तर बजेट ठरलेलं असतं, साडेपाचशे, आणि साडी दोन हजारांची दिसली पाहिजे. "आम्हाला काय, आहेरात द्यायचीये" असं म्हणत ज्या तिरस्काराने आहेराच्या साडीकडे बघतात, तो बघून मला त्या साडीचीच दया येते. बिचारी या घरातून त्या घरात फिरणार, आणि नेसणार कोणीच नाही.

मग रंग. मराठी बाईला रंगांची नावं लाल, हिरवा अशी सांगून चालत नाहीत. आमसुली, डाळिंबी, अबोली, मोरपंखी, श्रीखंडी, चिंतामणी. मला हे शब्द फार आवडतात, या नोकरीतली ही एक गोष्ट मी कोणाला देणार नाही. पण एक आजी आल्या होत्या, त्यांना हवा होता "चिंतामणी, पण जरा कमी चिंतामणी". चाळीस मिनिटं आम्ही कमी चिंतामणी शोधत होतो. शेवटी घेतला राणी. नव्या मुली नावं सांगत नाहीत, फोन पुढे करतात. "हाच शेड." त्या फोटोतल्या नटीवर तीन दिवे आणि दोन फिल्टर मारलेले असतात, आणि आमच्या डोक्यावर एक ट्यूबलाइट. नवरात्राचे नऊ रंग जाहीर झाले की तर विचारूच नका. करड्या रंगाच्या दिवशी अख्ख्या पुण्याला करडी साडी हवी असते, आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस "हा काय हो मेला रंग" म्हणून तीच साडी बाजूला सारलेली असते.

पुण्यात घरटी एक माणूस परदेशात. त्यामुळे खरेदीला दोघी आल्या तरी निर्णय तिसरी घेते, व्हिडिओ कॉलवर. "ताई, जरा पदर कॅमेऱ्यासमोर धरा ना. अजून वर. आता काठ." मी पदर धरून उभी, तिकडे न्यू जर्सीत रात्रीचे दोन वाजलेले, आणि ती बहीण डोळे चोळत म्हणते, "छान आहे, पण अजून बघा." एकदा जर्मनीतल्या एका भाचीने मला विचारलं, "मावशी, तुम्ही उभ्या का? आमच्या इथे सुपरमार्केटात काउंटरवाले बसून बिल करतात." मी म्हटलं, बाळा, तू पदर बघ.

बदलून घेणं हा एक वेगळा ग्रंथ आहे. "घडीसुद्धा मोडली नाही, फक्त अंगावर लावून बघितली" असं शपथेवर सांगून एक बाई साडी परत घेऊन आल्या. आम्ही घडी उलगडली तर आतून काउंटरवर अक्षता पडल्या. चार-पाच दाणे, चांगले कुंकू लावलेले. आम्ही दोघी त्या दाण्यांकडे बघतोय, बाई पंख्याकडे बघतायत. कोणीच काही बोललं नाही. साडी बदलून दिली, कारण वरून तसा आदेश आला.

वरून म्हणजे गल्ल्यावरून. हे सगळ्यात मजेशीर. आम्हाला सक्त सूचना असते, भाव फिक्स, पाच रुपयेही सोडायचे नाहीत. आम्ही अर्धा तास इमानेइतबारे नाही, नाही, नाही म्हणतो, गिऱ्हाइकाच्या शिव्या खातो. मग गिऱ्हाईक म्हणतं, "मालकांना बोलवा." मालक चष्मा सरळ करत येतात, गोड हसतात आणि म्हणतात, "तुमच्यासाठी पाच टक्के कमी करू." गिऱ्हाईक जाताना आमच्याकडे असं बघतं, जणू ते पाच टक्के आम्ही पदरात लपवले होते.

आणि जेवण. पोटमाळ्यावर गठ्ठ्यांच्या मध्ये डबा उघडला की खालून हमखास हाक. "जेवताय का? जेवा जेवा, सावकाश जेवा. फक्त तेवढी ती वरची निळी काढून द्या, मग जेवा." ती निळी एकटी कधीच येत नाही, बरोबर तिच्या तीस बहिणी येतात. मग पोळीचं पापड होतं.

इथपर्यंत सगळं चालतं. ही नोकरीच माणसांची आहे आणि माणसं अशीच असतात. एखादी मुलगी पहिल्या पगारातून आईला साडी घ्यायला येते, दहा वेळा पर्समधले पैसे मोजते, तेव्हा आम्हीच हळूच तिला सांगतो की काउंटरच्या त्या टोकाला हाच माल दोनशेने कमी आहे. असा एक दिवस गेला की पुढचे पंधरा दिवस निघतात.

आता जे सांगायला ही पोस्ट लिहायला घेतली, ते सांगते.

मागच्या वर्षी आषाढातली एक दुपार. बाहेर मुसळधार पाऊस, रस्त्यावर कुत्रं नाही. सकाळी लग्नाचा बस्ता झाला होता. नवरीकडचे अकरा जण, तीन तास, ऐंशीच्या वर साड्या उलगडलेल्या. त्या सगळ्यांच्या परत घड्या घालून कपाटं लावली, आणि मी आणि आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या ताई काउंटरमागच्या दोन स्टुलांवर टेकलो. दहा मिनिटं झाली असतील. एक गृहस्थ आत आले, छत्री झटकली, इकडेतिकडे बघितलं. आम्ही उठतोय तोवर फोन काढून काहीतरी केलं आणि गेले. रात्री दुकानाच्या नावाखाली ऑनलाइन रिव्ह्यू आला. एक तारा. खाली आमचा बसलेला फोटो आणि एक ओळ, की स्टाफ बसून गप्पा मारतोय, टिपिकल पुणेरी अ‍ॅटिट्यूड. त्याला लाइकही बरेच पडले, हसऱ्या चेहऱ्यांचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही स्टुलं पोटमाळ्यावर गेली.

मालक वाईट नाहीत. मोठ्या ताईंच्या मुलीच्या बारावीच्या वेळी त्यांनीच फी भरली होती. पण आजकाल दुकानदार ते तारे असे वाचतो जसे आपण रक्ताचे रिपोर्ट वाचतो. साडेचारचे चार पॉइंट तीन झाले की त्यांना घाम फुटतो. ते एवढंच म्हणाले, "लोकांना बसलेलं दिसलं की आळशी वाटतं हो. काय करणार."

तेव्हापासून सकाळी साडेदहा ते रात्री नऊ आम्ही उभ्या. डब्याचा अर्धा तास सोडून. दुकानात आमच्याइतका वेळ उभा राहणारा दुसरा एकच, दारातला पुतळा. त्याला निदान रोज नवी साडी मिळते. सगळ्यात खालच्या कप्प्यातली खोकी काढायला आम्ही एकमेकींत का भांडतो हे गिऱ्हाइकांना कळत नाही. तिथे उकिडवं बसायला मिळतं, म्हणून. आमच्यातली एक रोज रात्री घरी गेल्यावर भिंतीला पाय लावून अर्धा तास पडून राहते. तिच्या मुलाला वाटतं आई योगासनं करते. मोठ्या ताईंच्या पोटऱ्यांवर शिरा अशा फुगल्यात की उन्हाळ्यातही त्या पायात लांब मोजे घालतात. डॉक्टरांनी सांगितलंय, फार वेळ उभं राहू नका. हा सल्ला मिळून दोन वर्षं झाली.

गंमत बघा, आपल्या याच रस्त्यावर साडी विकायची रीत कधी उभ्याने नव्हतीच. जुन्या दुकानांत पांढऱ्या शुभ्र गाद्या, त्यावर विकणारा मांडी घालून बसलेला, समोर गिऱ्हाईकही मांडी घालून बसलेलं. साडी दोघांच्या मध्ये पसरायची, मध्ये चहा यायचा. काही दुकानांत अजून तशा गाद्या आहेत. तिथे कोणालाही तो माणूस आळशी वाटत नाही. मग गाद्या गेल्या, काचेचे काउंटर आले, एसी आला, शोरूम झालं, आणि विकणाऱ्याने उभं राहायचं हा नियम कधी आला ते कोणालाच कळलं नाही.

हा प्रश्न फक्त आमच्या दुकानाचा नाही, आणि काही ठिकाणी तो सुटलाही आहे. केरळात कोझिकोडला मिठाई तेरुवू नावाचा रस्ता आहे, म्हणजे मिठाई गल्ली. आपल्या लक्ष्मी रोडसारखाच, कपड्यांच्या दुकानांनी भरलेला. तिथल्या दुकानांतल्या बायकांना दिवसभर बसायची परवानगी नव्हती आणि लघवीला जायची सोय नव्हती. पाणी कमी प्यायचं, हाच उपाय. पी. विजी नावाच्या, स्वतः शिवणकाम करणाऱ्या बाईंनी या बायकांना गोळा केलं, 'पेण्कूट्टू' नावाची संघटना केली. आधी भांडण झालं ते स्वच्छतागृहासाठी, मग बसण्यासाठी. 'इरिक्कल समरम', म्हणजे बसण्याचा लढा. २०१८ साली केरळ सरकारने दुकान कायद्यात बदल केला आणि दुकानातल्या कामगाराला बसायची सोय देणं मालकावर बंधनकारक झालं. त्याच वर्षी बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत विजी यांचं नाव होतं. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही असाच कायदा केला.

मी हे वाचलं तेव्हा आधी पाणी कमी प्यायच्या ओळीशी थांबले. आमच्याही दुकानात, आणि पेठांतल्या कितीतरी जुन्या इमारतींतल्या दुकानांत, बायकांसाठी टॉयलेट नाही. शेजारच्या इमारतीत ओळखीवर जायचं, नाहीतर मंडईपर्यंत चालत. म्हणून आम्ही दुपारपर्यंत पाणीच पीत नाही. हजारभर किलोमीटरवर, वेगळी भाषा बोलणाऱ्या बायकांनी नेमका हाच उपाय शोधला होता.

आता कोणी म्हणेल, महाराष्ट्रात कायदा नाही का? आहे. दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा २०१७ चा, १९ डिसेंबर २०१७ पासून लागू. त्यात दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडं ठेवता येतं, पण कामगाराला आठवड्याची सुट्टी द्यावीच लागते. कायदा आला तेव्हा त्यात होतं दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, जास्त कामाला दुप्पट पैसे. चांगला कायदा आहे. फक्त तो आला तेव्हाही दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानालाच पूर्ण लागू होता. आम्ही आहोत नऊ. दहाव्या माणसाची गरज पडली की मालकांचा भाचा मदतीला येतो.

कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्याला मध्ये टेकायची संधी मिळाली तर बसायला काहीतरी हवं, हे आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिलंय, कलम ४४. म्हणजे ही कल्पना काही परदेशी किंवा नवीन नाही, स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वर्षीची आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षेच्या संहितेतही उभ्याने काम करावं लागणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे. पण तीही साधारणपणे दहा माणसांपासून पुढे. दरम्यान आपल्या राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दुकानांतले रोजचे तास नऊचे दहा करायला मंजुरी दिली, वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे. उभं राहायचा वेळ वाढवायची चर्चा झाली. बसायची झाली नाही.

लक्ष्मी रोडवर महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन करते. गाड्या बंद, रस्ता चालणाऱ्यांचा. मुलं खेळतात, रांगोळ्या निघतात, लोक रस्त्याच्या मधोमध निवांत टेकतात. मला तो दिवस मनापासून आवडतो. आम्ही दुकानाच्या दारातून बघत असतो. उभ्याने.

तर मुद्दा असा. आमच्यासारख्या नऊ जणांच्या दुकानात स्टूल ठेवायचं की नाही, हे कायदा ठरवत नाही. खरं म्हटलं तर मालकही ठरवत नाहीत. ते ठरवता तुम्ही, दारातून आत येता आणि आमच्याकडे पहिल्यांदा बघता तेव्हा. तुम्हाला बसलेली बाई दिसली की 'हिला कामाची पर्वा नाही' असं वाटतं, की 'दमली असेल' असं, एवढ्यावर मालकांचं गणित चालतं. आपल्या शहराला पुणेरी दुकानाचा विनोद एवढा पाठ झालाय की बसलेलं माणूस दिसलं की आपण आधी हसतो आणि लगेच फोन काढतो. मालकाच्या झोपेवरचा विनोद. त्याचं बिल मोठ्या ताईंच्या पोटऱ्या भरतायत.

म्हणून चार साधी कामं सांगते. एकाला पण पैसे पडत नाहीत.

पुढच्या वेळी दुकानात कोणी बसलेलं दिसलं तर तो अपमान समजू नका. आम्ही उठतोच, आणि नाही उठलो तरी साडी बसूनही दाखवता येते, आपल्या आजोबांच्या काळात तशीच दाखवत. बिल देताना गल्ल्यावर एवढंच विचारा, "यांना बसायला काही ठेवलं नाहीत का?" आमच्या मागण्यापेक्षा तुमच्या एका प्रश्नाचं वजन जास्त आहे, कारण तुमच्या हातात पाकीट असतं. रिव्ह्यू लिहायची सवय असेल तर जिथे स्टाफला बसायची सोय दिसेल तिथे तसं लिहा, पाच तारे द्या. एका ताऱ्याने स्टुलं गेली, तर पाचांनी परत यायला हरकत नाही. आणि ज्यांच्या ओळखी व्यापारी संघटनेत किंवा महापालिकेत आहेत, त्यांनी लक्ष्मी रोड ते मंडई या पट्ट्यात बायकांच्या स्वच्छतागृहांचा विषय एकदा लावून धरा. ते तुम्हालाही लागणार आहे. दिवाळीच्या खरेदीत तोच प्रश्न तुम्ही आम्हाला विचारता.

एक साधं स्टूल तीन-चारशे रुपयांना येतं. आहेराच्या साडीपेक्षा स्वस्त.

आमची दोन स्टुलं अजून पोटमाळ्यावरच आहेत. सध्या त्यांच्यावर मागच्या सीझनच्या साड्यांचे गठ्ठे बसलेत.

तुमच्या ओळखीत कोणी काउंटरला उभं असेल, मेडिकलमध्ये, मॉलमध्ये, चपलांच्या दुकानात, तर त्यांना आज विचारा, बसायला मिळतं का. उत्तर खाली लिहा. दुकानाचं नाव नको, नोकरी जाते. नुसतं हो किंवा नाही लिहिलंत तरी पुरे.